तीन पदांचं समीकरण

सर, तुम्ही आज असता तर मी हे तोंडावर बोलले असते का, ठाऊक नाही. तेव्हा बोलले नाही, एवढं खरं.

आणीबाणी उठली त्या वर्षी विश्रामबागच्या आपल्या कॉलेजात एम.एस्सी.ला मी एकटीच मुलगी. माझ्या प्रकल्पाचा विषय असा: काचेवरच्या पातळ थरात प्रकाश शिरवायचा, तर थरावर कोरलेल्या बारीक समांतर रेघांवर तो ठरावीक कोनातच पडावा लागतो. पण प्रकाश प्रखर असला की थराचा गुणच बदलतो, कोन चुकतो, आणि आत येणाऱ्या प्रकाशाची वाट प्रकाशच अडवतो. एकेका रेघेचं गणित वेगळं सोडवायला आपल्याकडे संगणक कुठला? मी सगळ्या रेघा एकत्र धरल्या आणि तीनच पदं ठेवली: आत किती येतो, त्याच रेघांतून परत किती गळतो, प्रखरतेमुळे कोन किती सरकतो. लॉगची टेबलं घेऊन चार महिने वहीत आकडेमोड केली.

सेमिनारला तुम्ही माझ्या हातातला खडू काढून घेतलात. "एवढं गाळल्यावर उरलं काय? हे भौतिकशास्त्र नव्हे बाई, स्वयंपाक आहे. अंदाजानं मीठ टाकायचं." सगळे हसले. चूक कुठं आहे ते तुम्ही दाखवलं नाहीत, कारण ती नव्हतीच. पुढच्या आठवड्यात वडील साताऱ्याहून आले. पलटणीतून निवृत्त होऊन ऊस लावणारा माणूस, तुमच्यापुढं टोपी हातात धरून उभा. "आवं सर, पोरगी म्हणतीया गणित बराबर हाय. तुमी एकडाव बगा की." तुम्ही वहीला हातही लावला नाहीत. "घरी न्या तिला," म्हणालात. एसटीत वडील एवढंच बोलले, "माझंच चुकलं. तुला लय शिकू दिलं."

पुढं लग्न झालं, आणि शिरवळच्या शाळेत मी तीस वर्षं आरसे आणि भिंगं शिकवली. एकदा पुण्याच्या एका ग्रंथालयात परदेशी नियतकालिक चाळताना तीच तीन पदं छापलेली दिसली, माझ्या वहीच्या कितीतरी नंतरची. वर कुणा परक्याचं नाव. शिपाई दार लावायला येईपर्यंत मी तिथंच बसून होते.

लोकांना मी सांगत आले, की सरांनी पुन्हा साधी चौकशीही केली नाही. ते खोटं आहे. त्याच वर्षी दिवाळीनंतर तुमचं कार्ड आलं होतं: "मी स्वतः करून पाहिलं. तुझं बरोबर आहे. परत ये, छापायला पाठवू." त्यात त्या हसण्याबद्दल एक अक्षर नव्हतं. मी ते चुलीत घातलं. वडिलांनासुद्धा सांगितलं नाही.