परभणीची गाडी गेली का?

मुदखेड
रविवार, ९ फेब्रुवारी २०२५

अमृतराव भाऊजींना पंचशीलाचा जयभीम.

तुम्ही नांदेडात खुशाल असाल. पेपरातल्या फोटोत तब्येत चांगली दिसून राहिली. इकडं आम्ही बरे आहोत. ह्यांचीही तब्येत बरी आहे. फोन केला की तुमचा मुलगा उचलतो अन् "बाबा कार्यक्रमात आहेत" म्हणतो, म्हणून पत्र लिहायला बसले.

आधी त्या कार्यक्रमाचंच बोलते, न्हाईतर माझ्या घशाखाली चहा उतरणार न्हाई. तुम्ही लिहिलेल्या 'परका मुलूख' या टीव्ही मालिकेला चाळीस वर्षं झाली म्हणून एवढा मोठा सोहळा केलात. मुंबईहून तो सुटाबुटातला हीरो आणलात, स्टेशनवर हार घेऊन माणसं उभी केलीत. अन् मुदखेड कुठं हाय हो नांदेडापासून? गाडीत बसून शेंगा सोलायला घेतल्या तर पुडी संपायच्या आत उतरावं लागतं. इथं पहिल्या वर्षी हेराचं काम केलेला नट राहतो, तुमचा जिगरी दोस्त धम्मानंद, म्हणजे आमचे हे. आयोजकांना माहीत नसेल. तुम्हाला तर हाय!

वर कुणीतरी भर सभेत विचारलं, पहिल्या वर्षाचे भाग का दाखवत न्हाईत? तुम्ही हसून म्हणालात, "तो कच्चा खर्डा होता, पुसला गेला ते बरंच झालं." सगळे हसले. शेजारच्या महानंदाच्या मोबाईलवर बघितलं मी. तळपायाची आग मस्तकात गेली, भाऊजी.

कच्चा कशानं? हेर कल्हईवाला बनून सीमेवरच्या गावांत हिंडतो, ही कल्पना कुणाची होती? बिलोलीच्या बाजारात कल्हईवाल्याजवळ बसून भाता मारायला शिकले ते हेच ना? सीमेवरचा माणूस आपल्यासारखाच बोलला पाहिजे, असं म्हणून "हाव, न्हाई" बोलणारा हेर तुम्हीच लिहिलात ना! मग मुंबई-पुण्याहून पत्रं आली, हेर गावंढळ बोलतो म्हणून. झालं, दुसऱ्या वर्षी हेराला जीप मिळाली, सूट मिळाला, अन् तोंडही दुसरं मिळालं. तुम्ही दोस्तासाठी तोंडातून एक शब्द काढला न्हाईत. नवे शुद्ध संवाद मात्र झरझर लिहिलेत. त्यानंतर आमच्या घराचा उंबराही चढला न्हाईत.

आपल्या लोकांनी तर पहिलं वर्ष बघितलंच न्हाई. तेव्हा इकडं टीव्हीचा टॉवरच नव्हता. टॉवर आला, अख्खी गल्ली टीव्हीपुढं बसली, अन् पडद्यावर दुसराच माणूस! माझा भाऊ व्यंकटी म्हणाला, "दाजी, मुंबईच्या पाण्यानं तोंड बदललं का तुमचं?" हे पण हसले. पण त्या दिवसापासून मालिकेचं नाव ह्यांनी घरात काढलं न्हाई. रेल्वेच्या तिकीट खिडकीत बसले अन् तिथूनच रिटायर झाले.

बरं. तब्येत बरी आहे असं वर लिहिलं, ते खोटं हाय.

हे विसरून राहिले. आधी चष्मा विसरायचे, मग गल्ली, मग नातवंडांची नावं. हिवाळा लागल्यापासून नवंच सुरू झालं. मी ताट घेऊन गेले की माझ्याकडं रोखून बघतात अन् हळूच विचारतात, "बाई, परभणीची गाडी गेली का?" आता मुदखेडात हा प्रश्न दिवसभर कुणी ना कुणी विचारतंच, त्यात ह्यांची नोकरी रेल्वेची. मी बापडी खरं ते सांगायची, "गेली की, आत्ताच भोंगा झाला." लगेच ह्यांनी ताट सरकवलं. "लेट हाय" म्हटलं, तरी सरकवलं. मला वाटलं तोंडाला चव न्हाई. भाजी बदलली, भाकरी सोडून चपाती केली. मग एक दिवस डॉक्टर घरी आले, तर त्यांना जवळ ओढून हे म्हणतात, "सांभाळून बोला. ही बाई आपली न्हाई. हिला खुणेचं उत्तर येत न्हाई."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. ती पहिल्या वर्षातली खूण. कल्हईवाला दारात उभा राहून हाच प्रश्न विचारायचा, अन् घरातल्या बाईनं बरोबर उत्तर दिलं तरच त्या घरचं पाणी प्यायचा. नवीन लग्न झालं तेव्हा ह्यांनी मला एवढं सांगितलं होतं. उत्तर विचारलं तर म्हणाले, "आपल्याकडं टॉवर आला की टीव्हीवरच ऐक."

आता माझ्या हातचं काही घेत न्हाईत. केळी तेवढी खातात, सालीच्या आत विष घालता येत न्हाई म्हणे. सदरा खांद्यावरून घसरून राहिला. आमच्या मुलानं, बुद्धप्रियानं, मुंबईला टीव्हीवाल्यांकडं चौकशी केली. टेपांवर दुसरं काही भरून टाकलं, लिहिलेले कागदही कुणी ठेवले न्हाईत. आम्ही सुचतील ती उत्तरं देऊन बघितली. दूधवाल्यानं सुद्धा एक देऊन बघितलं. दरवेळी ह्यांच्या नजरेत मी आणखी वाईट ठरते.

मला राग येतो, भाऊजी, लई राग येतो. ह्या माणसाबरोबर संसार केला मी, अन् तुमच्या एका ओळीपायी माझ्याच घरात परकी झाले. तुम्ही त्या ओळीला कच्चा खर्डा म्हणून हसता, अन् इथं तिच्यावाचून माणूस उपाशी बसलाय!

मला शाल नको, नारळ नको, तुमची माफीही नको. ते उत्तर पाठवा. कार्डावर लिहा, मुलाकरवी फोनवर सांगा, कसंही करा. स्वतः येणार असाल तर या, चहा टाकते. पण हे दारातच तुम्हालाही विचारतील, तेव्हा आठवून या. अन् आठवतच नसेल तर तसं लिहा. नवीन बनवून पाठवू नका, खोटं उत्तर ह्यांना लगेच कळतं.

आत्ता हे समोरच बसलेत. विचारून राहिले, गाडी गेली का. मी मान खाली घालून लिहून राहिले.

ह्यांच्या लेखी परक्या मुलखाची,
पंचशीला