चौथ्या मजल्यावरची बादली

४ जून

आजपासून रोज लिहायचं ठरवलं. कामाचा माणूस काम करून विसरतो आणि नाव भलत्याचंच होतं. एकोणीस वर्षं या बिल्डिंगचा मेंटेनन्स सुपरवायझर आहे. चार मजले, अकरा ऑफिसं, एक लिफ्ट (चालू). दर महिन्याच्या फॉर्मवर सहा वर्षं सलग ‘गच्ची : कोरडी’.

चौथ्या मजल्यावरच्या रेकॉर्ड रूममध्ये फॉल्स सीलिंगच्या एका टाइलवर डाग. बशीएवढा. टाइल बदलली, डाग गेला. वीस मिनिटांचं काम.

७ जून

डाग परत. तीच जागा, तोच आकार, डाव्या बाजूला तशीच चोच. आणि टाइल कोरी करकरीत, मीच बसवलेली. जरा दचकलो, पण दाखवलं नाही. पुन्हा बदलली. जुन्या टाइल बेसमेंटमध्ये तोंड भिंतीकडे करून ठेवल्या आहेत. का कोण जाणे, त्यांच्याकडे बघवत नाही.

११ जून

वॉटरप्रूफिंगवाला समोरच्या बिल्डिंगमध्ये आला होता. न बोलावता आमच्याही गच्चीवर जाऊन आला. म्हणे थर फाटलाय, पाणी स्लॅबमध्ये शिरतंय, आत कुठून कुठे फिरतंय ते उघडल्याशिवाय कळणार नाही. डाग दिसतो तिथे गळती असतेच असं नाही, म्हणे. धंद्याची भाषा. चहा पाजून वाटेला लावला.

तीन वर्षांपूर्वी मॅनेजरसाहेब यालाच काम देणार होते. मीच अडवलं, गरज नाही म्हणून लिहून दिलं. शाबासकीचं पत्र मिळालं होतं. आता कोणत्या तोंडाने जाऊ?

संकल्प : पावसाळा संपला की स्वतः उभा राहून करून घेईन. नक्की.

१२ जून

उपाय सापडला. फॉल्स सीलिंगच्या वर, दोन अँगलवर फळी टाकली आणि फळीवर बादली ठेवली. खाली टाइल लावून बंद. थेंब बादलीत, टाइल कोरडी. इतकी साधी गोष्ट इंजिनियर लोकांना सुचत नाही.

बादली ठेवताना ताई बघत होती. माझी थोरली बहीण. रेकॉर्ड रूम तीच सांभाळते, नोकरी मीच लावून दिली. तिला म्हटलं, कुठे बोलू नकोस, आधी माझीच मान जाईल. आई गेल्यापासून हिनेच मला वाढवलं, त्यामुळे जास्त समजवावं लागत नाही. ती एवढंच म्हणाली की बादली भरेल तेव्हा काय? म्हटलं, दर शुक्रवारी ओतीन.

१९ जून, शुक्रवार

लिफ्टचं काम निघालं. बादली राहिली.

२६ जून, शुक्रवार

पाठ धरली. शिडीचा प्रश्नच नाही.

३ जुलै

आज चढलो. तीन आठवडे मुसळधार पाऊस, त्यामुळे बादली काठोकाठ असणार असं धरून चाललो होतो. टाइल सरकवली, टॉर्च मारला.

तळाला जेमतेम चार बोटं पाणी.

टण. एक थेंब माझ्यासमोर पडला. गळती चालू आहे आणि पाणी नाही. वर अंधार, कुबट वास, आणि कोणीतरी आत्ताच इथून गेल्यासारखं वाटलं. फळीवरच्या धुळीत बोटांचे ओले ठसे होते. माझेच असणार. माझे हात कोरडे होते, पण तरी माझेच असणार.

खाली उतरून शांत डोक्याने विचार केला. सिमेंट पाणी शोषून घेतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. स्लॅब आपोआप बरा होतोय. फॉर्मवर ‘कोरडी’ लिहिलं.

१० जुलै

ताईला खोकला. तिच्या बाहीवर कसला तरी काळा डाग, बाही ओलसरही होती. म्हटलं, जरा नीट राहत जा. हसली.

१६ जुलै

वॉचमनने सकाळी जिन्यात गाठलं. काल सहानंतर चौथ्या मजल्यावर दिवे बंद करायला गेला तर रेकॉर्ड रूमच्या धुरकट काचेआड कोणीतरी उंच उभं. बाईमाणूस. खांदे दिसत होते, हात दिसत होते. ‘पण साहेब, तिला मुंडकं नव्हतं. खांद्याच्या वर सरळ छतच होतं.’

त्याला झापला. ऑफिसचे दिवे मोजायचे, बायका नाही. संध्याकाळी हिला घरी सांगितलं. ही म्हणाली, वर चढून बघा की एकदा. बायको असून असं बोलते.

१७ जुलै, शुक्रवार

चढलो नाही. घाबरलो म्हणून नाही. शास्त्रीय दृष्ट्या, बरा होत असलेला स्लॅब वारंवार उघडू नये.

ताईला बिनमुंडक्याच्या बाईची गोष्ट सांगितली, सहानंतर थांबत जाऊ नकोस असंही बजावलं. इतकी हसली की खोकल्याने वाकली. पाणी दिलं. बराच वेळ धाप थांबेना. म्हणाली, काम उरतं रे, पाच-दहा मिनिटंच थांबते.

३ ऑगस्ट

ताई अॅडमिट. रात्रीपासून श्वास लागत होता म्हणे. डॉक्टर चांगले वाटले. घरात ओल आहे का, विचारलं. नाही. जिथे काम करते तिथे? ताईने माझ्याकडे बघितलं. मी सांगितलं, बिल्डिंग माझीच आहे, सहा वर्षांचं रेकॉर्ड कोरडं. डॉक्टरांनी काहीतरी खोडलं.

न्यूमोनिया असेल. या वयात होतो.

१० ऑगस्ट

रेकॉर्ड रूम बंद आहे, ताईशिवाय तिथे जाणार कोण. दाराबाहेर उभा राहून ऐकलं. पूर्वी टण वाजायचं, आता आवाज मऊ झालाय. टुपूक. गळती थकत चालली आहे, हे उघड आहे. आत जायची गरज वाटली नाही. खरं लिहायचं तर आत कोणीतरी आहे असं वाटलं, आणि मी जिना उतरताना पळालो.

१३ ऑगस्ट

आवाज आणखी मऊ. औषध बदललं तरी ताईला उतार नाही. डॉक्टर म्हणतात कारण सापडत नाहीये.

१७ ऑगस्ट

सकाळी नऊ वाजता पडलं. बादली, फळी, अर्धं सीलिंग आणि स्लॅबचा दाराएवढा पोपडा. सगळं ताईच्या टेबलावर आणि खुर्चीवर. खुर्चीची पाठ मोडली. तिच्यावर कोणी नव्हतं. मी बराच वेळ त्या खुर्चीकडे बघत उभा राहिलो.

इंजिनियर आला. वर सगळं काळं आहे. बुरशी भिंतीतून खाली, पुठ्ठ्याच्या खोक्यांत, फायलींत. सळ्या गंजून फुगल्यात, बोटाने पोपडे निघतात. तो म्हणाला, ही काही एका पावसाची गोष्ट नाही. मॅनेजरसाहेबांनी फक्त हात पुढे केला. किल्ल्या दिल्या.

वॉचमनने विचारलं, भरलेली बादली इतके दिवस टिकली कशी? मलाही तेच कळत नव्हतं.

१८ ऑगस्ट

आधी डॉक्टरांना गाठलं. ओल आहे, बुरशी आहे, ती तिथेच बसते, सगळं सांगितलं. त्यांनी लिहून घेतलं, नवीन औषध सुरू केलं. मग विचारलं, हे पंधरा दिवसांपूर्वी का नाही सांगितलंत? फुप्फुसं बरीच गेली आहेत, म्हणाले.

ताईसाठी बसमध्ये भाषण तयार केलं होतं. स्लॅब जुना, पाऊस अवेळी, सिमेंट भेसळीचं. ते काढायची वेळच आली नाही. मला बघून तिने तोंडावरचा मास्क बाजूला केला.

‘बादली भरली असेल रे.’

मग धापा टाकत, थांबत थांबत तिने सांगितलं. रोज सहा वाजता सगळे गेले की टेबलावर स्टूल, स्टुलावर ती. डोकं वर घालून मगाने थोडं थोडं पाणी काढायचं आणि बाथरूममध्ये ओतायचं. जूनपासून. वर फार काळं झालंय हे तिला केव्हाच दिसलं होतं. वास डोक्यात जायचा. पण मला सांगितलं तर मी घाबरेन, आणि बाहेर कळलं तर माझी नोकरी जाईल.

मला खूप रडू आलं. ती माझा हात थोपटत राहिली, लहानपणी थोपटायची तसा.

‘मी नाही तिथे, तर आता तू ओततोस ना?’

‘हो.’

‘रोज?’

‘रोज,’ मी म्हणालो. तिने मास्क लावला आणि डोळे मिटले.