बर्फ पडल्यावर सांगायची गोष्ट

आई,

तू जाऊन अकरा वर्षं झाली आणि तुला पहिलं पत्र लिहायला मला कॅनडातल्या एका बाईने भाग पाडलं. ती तिथल्या मूळ रहिवासी क्री लोकांपैकी आहे; ते स्वतःला नेहियाव म्हणतात. इथे जर्मनीत, आखनच्या आमच्या इन्स्टिट्यूटमध्ये दोन वर्षांसाठी आली आहे. ज्या भाषांचं ध्वनिमुद्रण फारसं कुठे नाही, त्या भाषा संगणकाला ऐकायला शिकवायच्या, हे माझं काम. म्हणजे पोरगी दिवसभर मशीनशी बोलते, असं तू शेजारणींना सांगितलं असतंस. पहिल्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी आपापली पदवी आणि विभाग सांगितला. हिची पाळी आली तेव्हा आपण कुठल्या नदीकाठच्या, आपली आजी कोण, पणजी कोण, हे तिने आधी तिच्या भाषेत सांगितलं, मग इंग्रजीत. काम काय करते ते अगदी शेवटी, राहून गेल्यासारखं. मला लग्नाच्या पंगतीत हनुवटी धरून 'तू कोणाची गं?' विचारणाऱ्या तुझ्या धुळ्याच्या मावश्या आठवल्या. त्या दिवसापासून आमची गट्टी जमली.

गेल्या जुलैमध्ये तिच्या पारंपरिक गोष्टी रेकॉर्ड करायच्या होत्या. स्टुडिओ मिळाला होता, माणसं जमली होती, आणि ही म्हणाली, "या गोष्टी आता नाही सांगता येणार. जमिनीवर बर्फ असतानाच सांगायच्या असतात." आमचे विभागप्रमुख तसे सज्जन, पण टेर्मिन, म्हणजे तारीख-वेळ, एकदा ठरला की तो त्यांना देवापेक्षा मोठा. "आल्झो, म्हणजे बर्फ नाही म्हणून गोष्ट नाही?" ते माझ्याकडे बघून म्हणाले. सगळ्यांना वाटलं, बाई टाळते आहे. मी उठून सांगितलं, "ती बरोबर आहे. आमच्याकडेही असंच असतं. श्रावणातल्या कहाण्या श्रावणातच सांगतात, ऐकणाऱ्यांनी मुठीत तांदूळ धरायचे असतात. माघात मागितली तर माझी आई मला हाकलून द्यायची." तारीख पुढे ढकलायला लावली मी त्यांना. कॅलेंडरमध्ये आमच्या नोंदीपुढे महिनाच नव्हता, नुसतं 'बर्फ पडल्यावर' असं लिहिलं होतं. जर्मनीत असं कॅलेंडर मी तरी दुसरं पाहिलेलं नाही, आणि ते माझ्यामुळे झालं याचा मला अजून अभिमान आहे.

पण कहाणीची निम्मीच बाजू मी त्यांना सांगितली. तू शुक्रवारची कहाणी अहिराणीत सांगायचीस, तुझ्या आईने सांगितली तशी. मी सातवीत असताना, श्रावणातच, नाशिकच्या त्या दोन खोल्यांत, माझ्या वर्गातल्या तिघी घरी आल्या. तू भाकरी थापत होतीस. मान वर करून, हसून म्हणालीस, "या व पोरीसहोन, आठे बठा. भूक लागनी का?" त्या एकमेकींकडे बघून फिसकन हसल्या. त्या गेल्यावर मी तुला म्हटलं, "शुद्ध बोल ना गं. निदान माझ्या मैत्रिणींसमोर तरी." तू रागावली असतीस तर बरं झालं असतं. तू तव्यावरची भाकरी उलटलीस आणि 'बरं' म्हणालीस. पुढच्या शुक्रवारी तू छापील पुस्तक आणलंस आणि कहाणी त्यातून वाचून दाखवलीस. एक शब्द चुकला नाही तुझा. त्यानंतर माझ्याशी तू अहिराणीतून कधीच बोलली नाहीस, शेवटच्या आजारातसुद्धा नाही.

माझ्या या क्री मैत्रिणीची आजी लहान असताना तिला घरून उचलून चर्चच्या वसतिशाळेत नेऊन टाकलं होतं. आपल्या भाषेत बोललं की मार. मोठी झाल्यावर आजीने स्वतःच्या मुलांना ती भाषा दिलीच नाही. त्यांना मार बसू नये म्हणून. नातीने सव्विसाव्या वर्षी आजीच्या स्वयंपाकघरात बसून एकेक शब्द मागून घेतला. आजी आधी म्हणायची, मला काही आठवत नाही. हे मैत्रीण माझ्या घरी जेवताना सांगत होती आणि माझ्या हातातली आमटीची पळी तशीच राहिली. तिच्या आजीला गप्प करणारे परके होते, त्यांच्या हाती सत्ता होती. तुला गप्प करणारी मी होते, दोन वेण्या घातलेली. कुणी मला तसं सांगितलंही नव्हतं. मला लाज वाटली, आई, आणि ती मी तिथल्या तिथे तिला बोलूनही दाखवली. तिने सांत्वन केलं नाही. "तुझी कोणी मावशी आहे का अजून?" एवढंच विचारलं.

जानेवारीत एका शनिवारी सकाळी आखनमध्ये चांगला घोटाभर बर्फ पडला. इथे तो दुपारपर्यंत टिकेल याचा भरवसा नाही, म्हणून सगळे धावतपळत इन्स्टिट्यूटमध्ये आले. माझी नऊ वर्षांची लेकही आली. मी सवयीने तिच्या मुठीत तांदूळ दिले. ते काय म्हणून विचारून मैत्रिणीनेही मूठभर घेतले. तिने त्यांच्या गोष्टींतल्या खोडकर नायकाची गोष्ट सांगितली, ज्याला ते थोरला भाऊ म्हणतात. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, कारण हा मे महिना आहे, बाहेर बर्फ नाही. मराठीला जर्मनमध्ये उत्तर देणारी माझी लेक प्रत्येक वाक्यानंतर "उंड डान? पुढे काय?" म्हणत होती, दोन्ही भाषांत. गोष्ट संपली तशी मैत्रीण माझ्याकडे वळली. "आता तुझ्या आईची."

"श्रावण नाही ना," मी म्हटलं. तिने लगेच मान डोलावली, इतक्या आदराने, की मला तोंड लपवावंसं वाटलं. श्रावण हे निमित्त होतं. श्रावण असता तरी मला सांगता आली नसती, कारण तुझ्या भाषेतलं पहिलं वाक्यच मला येत नव्हतं.

आता येतं. दर रविवारी धुळ्याला धाकट्या मावशीला, तुझ्या बहिणीला, फोन लावते. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "आते याद उनी का व तुले?" आणि मग अर्धा तास हसली, अर्धा तास रडली. ती एकेक ओळ सांगते, मी म्हणते, ती माझी जीभ सरळ करते. लेक शेजारी बसते आणि माझ्यापेक्षा आधी उचलते, वर मला सुधारते. या श्रावणात पहिल्या शुक्रवारी मी ती कहाणी आखनमध्ये सांगणार आहे, मैत्रीण समोर असेल, सगळ्यांच्या मुठीत तांदूळ असतील. मी अडखळेन, पण सांगेन. त्याबद्दल मला शंका नाही.

हे पत्र मात्र तुझ्या फोटोपाशी ठेवत नाही. पुन्हा वाचून पाहिलं, एकही चूक नाही, चांगलं शुद्ध आहे. आणि त्याचा पहिलाच शब्द 'आई' असा आहे. सातवीपर्यंत मी तुला माय म्हणायचे. तेही त्याच आठवड्यात बदललं मी, आणि तू त्या नव्या हाकेलाही ओ दिलीस.