सहावा हात

सर, काल गुडघ्याला पट्टा बांधताना तुम्ही आठवलात. म्हणजे आधी आपला लंबू आठवला आणि त्याच्या मागोमाग तुम्ही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी कॅन्टीनमधलं तुमचं एक बोलणं माझ्याकडे तसंच पडून आहे.

आपली भांडुपची कंपनी, कॅन्टीनमागचं सिमेंटचं बास्केटबॉल कोर्ट आणि चार वाजता मशीन सोडून तिथे पळणारे आम्ही दहा जण, आणि आमचे कोच तुम्ही. लंबूला कंपनीच्या मोठ्या साहेबांनी दुसऱ्या कंपनीच्या टीममधून फोडून आणला होता, थेट ऑफिसरच्या पगारावर. पहिल्या वर्षी त्याने बास्केटखाली कुणाला उभं राहू दिलं नाही. मग गुडघा गेला. पगार तोच, आणि माणूस अर्ध्या मॅचनंतर बाकावर बर्फ लावून बसलेला. खात्यातले लोक तोंडावर म्हणायचे, पांढरा हत्ती पोसताय. मी आणि आणखी एक जण तेव्हा टेम्पररी होतो. दर काही महिन्यांनी नोकरीत ब्रेक, मग पुन्हा कामासाठी गेटवर उभं राहायचं. साहेबांनी तुम्हाला सांगितलं, लंबूला सोडा, त्याच्या पगारात ही दोघं कायम करतो, काय ते तुमच्यात ठरवा.

तुमची ठरवायची रीत सगळ्या कंपनीला ठाऊक होती. आम्हाला फ्री थ्रोच्या रेषेवर ओळीने उभं करायचं, डोळे मिटून. ज्याला पटतंय त्याने हात वर करायचा, आणि तुम्ही मागून चालत हात मोजणार. डोळे उघडायचे नाहीत, हा एकच नियम. त्या दिवशी मी म्हटलं, "सर, निदान लंबूला तरी बाजूला बसवा, बरं नाही दिसत ते." तुम्ही म्हणालात, "का रे? अजून टीममध्येच आहे ना तो?"

उभे आहोत. मागे तुमच्या बुटांचा आवाज. घरी आई रोज विचारते, कायमचं काय झालं रे, आणि मी रोज ताटावरून लवकर उठतो. लंबू माझ्या शेजारीच आहे, त्याच्या गुडघ्याला चोळलेल्या बामचा वास येतोय. माझा हात काही वर होत नाही. आणि मी डोळे उघडले. लंबूचा हात वर होता. डोळे घट्ट मिटलेले, हात सरळ वर, रिबाउंडचा बॉल घ्यायला जायचा तसा. मग मी माझा वर केला.

"सहा," तुम्ही म्हणालात. मग म्हणालात, "पाच-पाच झालं असतं तर मी त्याला ठेवणार होतो."

लंबू म्हणाला, "चला, गुडघ्याला सुट्टी," आणि सगळ्यांना कटिंग पाजली. महिनाअखेरीला गेला तो गेलाच. मी कायम झालो. टीमही सुधारली, त्यामुळे निर्णय चुकला असं कुणी म्हणालं नाही. फक्त तुम्ही मला कॅन्टीनमध्ये गाठलंत. "त्याने हात वर केला तो तुम्हा दोघांसाठी. तू कुणासाठी केलास रे?" मी ग्लासातल्या चहाकडे बघत राहिलो. फार लागलं ते, सर. राग आला तुमचा. त्यानंतर मी तुमच्याशी कामापुरतंच बोलत गेलो, आणि एक दिवस बोलायला तुम्हीच राहिला नाहीत.

त्याच नोकरीवर खोली झाली, दोन्ही मुली शिकल्या. आणि इतकी वर्षं मनातल्या मनात मी तुम्हाला एकच उत्तर देत आलो: मी डोळे उघडले, नियम मोडला, पण त्याचा हात वर दिसला म्हणूनच माझा केला. त्याचीच इच्छा होती, मग माझं काय चुकलं? हे उत्तर मला पुरत होतं. काल पट्टा बांधताना पुरलं नाही.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, म्हणूनच लिहायला धजावलो. तुम्ही समोर असतात तर पुन्हा चहाकडेच बघत बसलो असतो. लंबूचा हात वर नसता, तर मी ओळीत पुढचा कुणाचा तरी शोधला असता, सर. डोळे त्यासाठीच उघडले होते.