पोटात राहिलेलं मुगाचं पाणी

सुरत

आई,
तुझ्या कल्पिताचा नमस्कार.

फोनवर रडू येतं, म्हणून लिहितेय. वजन कमी करायच्या ऑपरेशनचे टाके सुकलेत, गुडघेही कमी दुखतात. काळजी करू नकोस.

परवा तू डहाणूहून पाठवलेल्या चिकूच्या दोन फोडी खाल्ल्या. लगेच घाम फुटला, छाती धडधडली, मग जुलाब. डॉक्टर म्हणाले, "सध्या गोड सोसणार नाही." तुझे जावई म्हणाले, "जाड होतीस तीच बरी होतीस." फार थकलेय गं.

आज मात्र वाटीभर मुगाचं पाणी पोटात राहिलं. बाबा बोटीवर जायला लागले का?

आता खाऊ पाठवू नकोस, तूच ये. मी जेवताना काही न बोलता नुसती शेजारी बस.

तुझीच,
कल्पिता