जाकिटावरच्या दोन टिचक्या

लंडन,
३ ऑक्टोबर २००४

ती. मार्ज हिस,
धाकट्या भावाचा, क्लिफचा सा. न. वि. वि.

तुझा आल्याचा केक पोचला. या खेपेला विटेपेक्षा जरा मऊ होता, म्हणजे ओव्हन दुरुस्त झाला म्हणायचा. माझं गुडघ्याचं रडगाणं चालूच आहे, ते लिहून तुला पकवत नाही.

बातमी अशी, की अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी टीव्हीवाल्या मंडळींना माझी आठवण झाली. चोवीस तारखेला इथे माझा सत्कार आहे. पन्नास वर्षांत मी इन्स्पेक्टर झालो, पाद्री झालो, दोनदा खुनी झालो, पण लोकांना हवा आहे तो मिस्टर पिंडरच. अकरा वर्षं दर गुरुवारी घराघरात हसवून गेलेला तो भित्रा कारकून. स्टेजवर येऊन तेवढं एकदा करून दाखवा म्हणतात. महत्त्वाचं काही बोलायच्या आधी कानाची पाळी ओढायची, जाकिटाच्या खिशावर दोन टिचक्या मारायच्या, मग तोंड उघडायचं. ते मी बाबांचं उचललं, हे तुला सांगायला नको. म्हणून मनात आलं, त्या दिवशी बाबांचंच तपकिरी जाकीट घालावं. तेवढं पाठवशील? आणि तूही ये. स्टेशनावर घ्यायला येतो.

लोभ कमी झाला नसेल असं धरून चालणारा,
क्लिफ

टॉडमॉर्डन,
८ ऑक्टोबर

चि. क्लिफ यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सत्काराचं वाचून आनंद झाला. शेजारच्या मिसेस ग्रीनवुडना सांगितलं, तर म्हणाल्या, त्या दिवशी तरी केस विंचरून जा म्हणावं. जाकीट कसरीनं खाल्लं रे, पाठवण्यासारखं उरलेलं नाही. मलाही यायला जमणार नाही, त्याच आठवड्यात डोळे दाखवायचे आहेत. आणि ते कान ओढण्याचं या वेळी राहू दे की. इन्स्पेक्टरचं काहीतरी कर.

प्रकृतीला जप, राग धरू नकोस.
मार्ज

लंडन,
१३ ऑक्टोबर

ती. मार्ज हिस,
सा. न.

तू खोटं बोलतेस तेव्हा तुझं पत्र एका पानात संपतं. ईस्टरला मी ते जाकीट तुझ्या कपाटात पाहिलं आहे, डांबरगोळ्या घालून ठेवलेलं. सरळ सांग ना, की बाबांना माझं काम आवडायचं नाही आणि तू अजून त्यांची बाजू धरून बसली आहेस.

मला कळत नव्हतं असं नाही. मालिका सुरू झाली आणि बाबा बदलले. मी घरी आलो की दोन्ही हात मांड्यांखाली घालून खुर्चीत बसायचे. निघताना मी हात पुढे करायचो, तर नुसती मान हलवायचे. शेवटी हॉस्पिटलातही हात पांघरुणाखाली. नट झालेल्या मुलाची एवढी लाज. म्हणून मी येणं कमी केलं. नाताळात नाटकाचे दिवसाला दोन खेळ आहेत, सुटी नाही, असं कळवायचो. त्यातले तीन नाताळ मला कामच नव्हतं. खोलीत बसून होतो. आता सांगून टाकतो.

तुझा,
क्लिफ

टॉडमॉर्डन,
१७ ऑक्टोबर

चि. क्लिफ,
अ. उ. आ. हे पत्र एका पानात संपणार नाही.

लाजेचं म्हणतोस ते साफ चूक. बाबा बावीस वर्षं गिरणीवाल्यांच्या क्लबाचे सेक्रेटरी होते, तुला आठवत असेल. गिरणीत जॉबर असताना मागांच्या आवाजानं कान गेलेले, त्यात स्वभाव बुजरा. शनिवारी उभं राहून चार वाक्यं बोलायची, तर आधी कान ओढून, खिशातलं घड्याळ चाचपून धीर गोळा करायचे. आईला मागणी घालतानाही तेच केलं होतं म्हणे. तुझा पिंडर आला, आणि तिसऱ्याच शनिवारी बाबा बोलायला उभे राहिले तर सगळ्या क्लबानं टेबलांवर दोन-दोन टिचक्या मारल्या. हसून हसून लोळले. वाईट मनाचं कुणी नव्हतं, त्यांना तुझं कौतुकच होतं. कुणीतरी म्हणालं, बोला आता पिंडरसाहेब. बाबा न बोलताच खाली बसले. सोमवारी राजीनामा दिला. मला म्हणाले, पायऱ्या चढवत नाहीत गं. क्लबाला दोनच पायऱ्या आहेत.

मग त्यांनी हातांना शिस्त लावली. तू आलास की जास्तच. मी एकदा चिडून म्हटलं, पोरगा एवढ्या लांबून येतो, हात तरी मिळवा. तर म्हणाले, तो बघत असतो गं माझ्याकडे. लहानपणापासून तसाच आहे, त्याला राहवत नाही. हात मोकळे सोडले तर अजून काहीतरी घेऊन जाईल, आणि माझ्याकडे आता फारसं उरलं नाही.

तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. पोराची भाकरी आहे ती, म्हणायचे. एकही गुरुवार मात्र चुकवला नाही. खदखदून हसायचे. तेवढ्या टिचक्या आल्या की चहा ओतायला उठायचे.

बाबांना जाऊन चोवीस वर्षं झाली. इतकी वर्षं ती शपथ पाळायला नको होती. तुझे ते रिकामे नाताळ माझ्याच गप्प बसण्यामुळे गेले, याचं फार वाईट वाटतं. जाकीट सोबत आहे. घालायचं की नाही, तू ठरव.

आहे तसाच माझा राहा.
मार्ज

लंडन,
२५ ऑक्टोबर

ती. मार्ज हिस,
सा. न. वि. वि.

जाकीट घातलं. खांद्यात जरा आखूड होतं.

नाव पुकारलं, लोक उभे राहिले आणि तीन-चारशे जणांनी टेबलांवर दोन टिचक्या मारल्या. तू लिहिलंस तशाच, क्लबातल्यासारख्या. मला बोलायचं होतं आणि उजवा हात आपोआप कानाकडे निघाला. मार्ज, तो पिंडर नव्हता. मला खरंच धीर हवा होता. मी तो हात खिशात कोंबला, दुसराही कोंबला. लोक वाट बघत राहिले. मग एवढंच म्हणालो, की ते माझं नव्हतं, आर्थर एन्टविसल नावाच्या माणसाचं होतं. मी न विचारता नेलं, आज परत करतो. हसायचं की नाही ते कुणाला कळेना. काही जण हसले. आजच्या पेपरात आलंय, की म्हातारा फार ताठ झालाय, बक्षीस देणाऱ्याशी हातसुद्धा मिळवला नाही.

सगळी मिळून चार मिनिटं होती. मला घाम फुटला. बाबांनी जाईपर्यंत अशी बारा वर्षं काढली, आणि मी त्यांना ताठ म्हणत राहिलो.

नाताळात येतो. काम नाही, आणि आहे असंही कळवणार नाही. बाबांच्या कबरीवर जाऊ. तिथे उभं राहिल्यावर हात कुठे ठेवायचे, हे मला सुचत नाही. तू शेजारी उभी राहा आणि एक तरी धर.

तुझ्या लोभावरच ज्याचं चाललं आहे तो,
क्लिफ