वहिनींची तोंडी परीक्षा

बबितावहिनी,

दादा आज गाडी देणार नाही, म्हणून माझ्या स्कूटीची चावी पोळ्यांच्या डब्यावर ठेवली आहे. मी रिक्षानं लॅबला जाते.

एम.ए.साठी लिहिलेला तुमचा प्रबंध काल वाचला. सरपंच तुम्ही होतात आणि खुर्चीत पाच वर्षं दादा बसला, हे तुम्ही एकाही कडू शब्दाशिवाय लिहिलंत. मला मातीचा अहवालसुद्धा इतका नितळ लिहिता येत नाही. परीक्षकांसमोर तेच सांगा, फक्त मान वर ठेवून.

दादा दारात आडवा येईल, "घरातलं चव्हाट्यावर मांडायला चाललीस का?" म्हणेल. त्याला शांतपणे सांगा, "पाच वर्षं माझ्या वतीनं तुम्हीच बोललात. आज माझं मी बोलून येते."

प्रज्ञा